डंपिंग ट्रॉली: उचलतात सगळ्याच, ओतते कोणती?

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यात ट्रॅक्टरची डंपिंग ट्रॉली बहुतेक वेळा ऑर्डर देऊन वर्कशॉपमध्ये बांधून घेतली जाते. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मालाचं नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या तीन बांधणीच्या ट्रॉल्यांचं आहे: दोन चाकी, चार चाकी एका टेलिस्कोपिक (एकात एक बसणाऱ्या नळ्यांच्या) जॅकची, आणि चार चाकी कात्रीच्या जॅकची. हौदा ११ × ६ फूट, कडा दीड ते दोन फूट आणि ट्रॅक्टर ४५ ते ५० एचपीचा धरला आहे.

ट्रॉली बघायला गेलेला माणूस आधी जॅक बघतो. जॅक जाड असला की त्याचं समाधान होतं. पण मुरूम उचलण्याइतकी ताकद कुठल्याही बऱ्या जॅकमध्ये असते. ट्रॉली बिघडते, वाकते किंवा उलटते ती माल ओतताना. तेव्हा सगळा भार मागच्या दोन बिजागऱ्यांवर, फाळक्यावर (मागच्या दारावर) आणि मागच्या चाकांखालच्या जमिनीवर आलेला असतो. त्यामुळे गुण द्यायचे ते या तीन जागांना.

वजनाचा हिशेब आधी

११ × ६ × १.५ फूट म्हणजे ९९ घनफूट, जवळपास एक ब्रास. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. कोरडी खडी भरली तर सव्वाचार ते साडेचार टन, ओलसर एम-सँड साडेचार टनांच्या वर, आणि पावसात भिजलेला मुरूम पाच टनांच्या घरात. कडा दोन फुटांच्या केल्या की तोच हौदा १३२ घनफुटांचा होतो. तो ओल्या मुरमानं काठोकाठ भरला तर साडेसहा टन होतात. चाकं, एक्सल आणि चॅनेल मात्र पाच टनांचेच राहतात. शेणखत, चिपाड, प्रेसमड (साखर कारखान्याची मळी) असा हलका माल वाहायचा असेल तर दोन फुटी कडा घ्याव्यात. खडी-मुरूम हाच धंदा असेल तर दीड फूटच बरी. कडा वाढवून घेतल्या की ड्रायव्हर त्या भरणारच, हे धरून चाला.

आता जॅक. हौद्याचं स्वतःचं वजन आणि एक ब्रास माल मिळून ५.३ टन धरू. मागची बिजागरी हौद्याच्या मागच्या टोकापासून एक फूट आत असेल, तर भाराचा मध्य बिजागरीपासून साधारण १.३७ मीटर पुढे येतो. जॅक बिजागरीपासून १.५ मीटरवर उभा लावला असेल, तर पहिल्या क्षणी त्याला ४.८ टन जोर द्यावा लागतो. पहिला टप्पा ११० मिमीचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाब जेमतेम ५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. ट्रॅक्टरचा पंप याच्या दुपटीपेक्षा जास्त दाब सहज देतो. साडेसहा टन भरले तरी जॅक कुरकुरत नाही. इथेच फसगत होते. जॅकनं उचललं म्हणजे ट्रॉलीनं पेललं, असं नाही.

तोच जॅक वर्कशॉपवाल्यानं सोयीसाठी बिजागरीच्या जवळ, एक मीटरवर लावला, तर लागणारा जोर ७.३ टनांवर जातो. बदल्यात जॅकची लांबी कमी लागते आणि खर्च वाचतो. ४५ अंश उचलायला १.५ मीटरवरच्या जॅकला सुमारे १.१५ मीटर स्ट्रोक (बाहेर येण्याची लांबी) लागतो, एक मीटरवरच्याला ७७ सेंटिमीटर पुरतो. म्हणून जॅक कुठे आहे ते टेपनं मोजा. बिजागरीच्या पिनपासून जॅकच्या वरच्या पिनपर्यंत सव्वा मीटरपेक्षा कमी अंतर असेल, तर त्या ट्रॉलीत पोलाद वाचवलेलं आहे आणि त्याचा ताण चासीच्या आडव्या चॅनेलवर पडणार.

एका टेलिस्कोपिक जॅकची चार चाकी: खडी-मुरमासाठी पहिली पसंती

तीन टप्प्यांचा जॅक, ११०, ९० आणि ७० मिमी, प्रत्येकी सुमारे ४० सेंटिमीटरचा. आधी जाड टप्पा बाहेर येतो, कारण त्याला सर्वांत कमी दाब पुरतो. मग मधला, शेवटी बारीक. टप्पा बारीक होत गेला की तेवढ्याच तेलात हौदा जास्त वेगानं चढतो आणि दाबही वाढतो. कोरडी खडी या वेळेपर्यंत निम्मी खाली गेलेली असते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर फारसा ताण येत नाही. अथणी-रायबाग भागातली ओली काळी माती मात्र तळाला चिकटून तशीच वर जाते. तेव्हा शेवटच्या टप्प्याला सगळं वजन ढकलावं लागतं आणि जॅक वरच्या टोकाला जाऊन थांबतो. तिथे ड्रायव्हर कळ पुढे-मागे झटकतो, किंवा ट्रॅक्टर रिव्हर्स घेऊन करकचून ब्रेक मारतो, माती सुटावी म्हणून. टेलिस्कोपिक जॅकचा जीव जातो तो या झटक्यांनी. प्रत्येक टप्प्याच्या टोकाला त्याला अडवणारी एक रिंग असते. ती आतून तुटली की टप्पा बाहेर निसटतो, आणि मग जॅक दुरुस्तीला नाही, बदलायलाच जातो. उपाय स्वस्त आहे. हौदा ठरलेल्या उंचीला गेला की तेलाचा मार्ग बंद करणारा लिमिट व्हॉल्व्ह तारेनं चासीला जोडून घ्यावा. ऑर्डर देतानाच तो मागा, नंतर बसवताना पाईप पुन्हा कापावे लागतात.

या जॅकचा दुसरा शत्रू म्हणजे बाजूचा ताण. जॅक फक्त सरळ ढकलायला बनवलेला असतो. हौदा किंचित एका अंगाला कलला की टप्पे एकमेकांवर घासतात, क्रोमवर उभे ओरखडे पडतात आणि सील कापले जातात. त्यासाठी जॅकचं खालचं बूड दोन्ही दिशांना हलणाऱ्या चौकटीत किंवा बॉलमध्ये बसवलेलं असावं. नुसत्या एका आडव्या पिनवर बसवलेला जॅक पुढे-मागे हलतो, डावी-उजवीकडे नाही. रिकामी ट्रॉली अर्धी उचलून जॅकच्या बुडाशी बॅटरी मारून बघा, एका नजरेत कळतं. चौकट नसेल तर ट्रॉली घेऊ नका. बाकी सगळं चांगलं असलं तरी.

तेलाचा हिशेब फार थोडे लोक करतात. वरच्या मापाचा जॅक पूर्ण उघडायला जवळपास आठ लिटर तेल लागतं. ते येतं ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशनमधून. तिथली पातळी आधीच खालच्या खुणेवर असेल, तर हौदा वर असताना पंप हवा ओढतो. मग कळ हललेली असूनही हौदा थरथरत चढतो आणि पंपाचा आवाज बदलतो. पातळी बघायची ती हौदा पूर्ण खाली असताना, आणि तेल वरच्या खुणेपर्यंत ठेवायचं. तेल ट्रॅक्टरच्या पुस्तकात सांगितलेलंच टाकावं. इंजिन ऑईल टाकून भागवलं तर ते ट्रान्समिशनच्या ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या, ब्रेकला मानवत नाही. ट्रॉली भाड्यानं किंवा उसनी देत-घेत असाल तर आणखी एक गोष्ट: जॅकमध्ये राहिलेलं तेल प्रत्येक वेळी नव्या ट्रॅक्टरच्या तेलात मिसळतं. एकाच्या ट्रॅक्टरमधली घाण दुसऱ्याच्या पंपात जाते ती अशी. कपलरला (पाईप ट्रॅक्टरला जोडायच्या तोंडाला) झाकण असलंच पाहिजे, आणि पाईप सुटा असताना तो मातीत लोळता कामा नये.

नवीन पाईप जोडल्यावर किंवा जॅक उघडल्यावर आत हवा राहते. रिकामा हौदा तीन-चार वेळा अर्ध्यापर्यंतच चढवून उतरवा, टोकापर्यंत नेऊ नका. जॅकला हवा काढायचा स्क्रू असेल तर तो अर्धा आटा सैल करून फेस थांबेपर्यंत तेल वाहू द्या. गळती शोधायला पाईपवरून हात फिरवू नका. बारीक भोकातून दाबानं येणारं तेल कातडीच्या आत घुसतं, आणि ती जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी तातडीनं ऑपरेशन करावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

उतरताना हौदा स्वतःच्या वजनानं येतो. म्हणून जॅकच्या तोंडाशी दोन गोष्टी हव्यात. पहिली, तेल आत मोकळं सोडणारा पण बाहेर सावकाश येऊ देणारा रिस्ट्रिक्टर. तो असला की कळ कशीही सोडली तरी हौदा पंचवीस-तीस सेकंदांत निवांत बसतो. दुसरी, पाईप फुटला तर तेलाचा मार्ग आपोआप बंद करणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह जॅकच्या तोंडालाच बसलेला हवा, पाईपच्या ट्रॅक्टरकडच्या टोकाला लावून उपयोग नाही. शिवाय चासीवर आडवा पडून राहणारा लोखंडी टेकू पाहिजेच. ग्रीस मारायला, पाईप बघायला, कशालाही हौद्याखाली डोकं घालायच्या आधी टेकू उभा करा. कळ बंद आहे या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये.

रस्त्यानं जाताना हौदा चासीवरच्या लाकडी किंवा रबरी पट्टीवर टेकलेला हवा, जॅकवर नाही. कळ थोडी वर राहिली तर हौदा बोटभर उचललेला राहतो, आणि पाणंदीतल्या प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट तेलाच्या दाबावर बसतो. सीलमधून तेल झिरपायला लागलं की आधी हे तपासा.

बिजागरी, चॅनेल आणि पत्रा

पिन किती जाड, हे सगळे विचारतात. ४० मिमीची पिन पाच टनांना भरपूर आहे. तुटतो तो पिन धरणारा ब्रॅकेट, आणि तोही वेल्डिंगच्या कडेला. ब्रॅकेटची पाटी १० ते १२ मिमीची असावी, चासीच्या चॅनेलला दोन्ही अंगांनी वेल्ड केलेली असावी, आणि चॅनेलच्या उघड्या बाजूला पाटी जोडून तिथली पेटी केलेली असावी. उघडा चॅनेल पिळ सहन करत नाही. जॅक जिथे बसतो त्या आडव्या चॅनेललाही हेच लागू. पिनला बुश आणि ग्रीस निप्पल हवंच. बुश नसेल तर पिन थेट ब्रॅकेट खाते, भोक अंडाकृती होतं आणि हौदा एका बाजूला लोंबतो.

दोन बिजागऱ्यांमधलं अंतरही मोजा. सपाट जमिनीवर दोघींवर निम्मा-निम्मा भार असतो. पण हौदा ४५ अंश वर गेला की भाराचा मध्य जमिनीपासून सुमारे १.४५ मीटरवरून २.३ मीटरवर चढतो. दीड मीटर अंतरावरच्या दोन चाकांपैकी एक चाक १३ सेंटिमीटर खड्ड्यात असेल तर ट्रॉली ५ अंश कलते, आणि वर गेलेला भार २० सेंटिमीटर एका अंगाला सरकतो. बिजागऱ्या ९० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर खालच्या बाजूच्या एकटीवर निम्म्यापेक्षा बरंच जास्त वजन येतं. एवढ्याशा खड्ड्यानं इतका फरक पडतो. म्हणून बिजागऱ्या चासीच्या रुंदीइतक्या दूर असाव्यात, आणि जागा बघून मगच कळ ओढावी. नुकत्याच भरलेल्या मुरमावर, विहिरीच्या कडेला, ओढ्याच्या बांधावर मागचं चाक खचतं ते नेमकं हौदा वर असताना, कारण तेव्हाच मागच्या एक्सलवर सर्वांत जास्त भार असतो.

चॅनेलच्या बाबतीत वर्कशॉपवाले १०० × ५० की १२५ × ६५ असं विचारतात. पहिला मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास, दुसरा तेरा किलो. वजन एक-तृतीयांशानं वाढतं, पण वाकण्याला विरोध पाऊणपटीनं वाढतो. या एका जागी जास्त पैसे घालायला मागेपुढे बघू नका.

तळाचा पत्रा ४ मिमी घेतला तर ११ × ६ फुटांना १९२ किलो लागतो, ५ मिमीला २४०. खडी किंवा जांभ्याचे चिरे वाहायचे तर ५ मिमी, नुसतं खत आणि माती असेल तर ४ पुरे. वर्कशॉपमध्ये गेजमध्ये बोलतात: ८ गेज म्हणजे ४.०६ मिमी, १० गेज ३.२५, १२ गेज २.६४. दहा गेज सांगून बारा गेज लावला तर डोळ्याला कळत नाही, म्हणून कडेला व्हर्नियर लावून मोजा. रंग द्यायच्या आधी मोजलं तर उत्तम. आणि तयार ट्रॉली काट्यावर चढवा. ऊसपट्ट्यात काटा शोधावा लागत नाही. चार चाकी ट्रॉली रिकामी दीड टनाच्या आसपास भरावी. त्याहून बरीच हलकी भरली, तर लोखंड कुठे कमी लागलं ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

फाळका

ओतण्याचं यश फाळक्यावर आहे. वरून टांगलेला, खालून सुटणारा फाळका खडी-वाळूला चांगला. हौदा चार-पाच अंश उचलला की कडी आपोआप सुटते, अशी व्यवस्था बहुतेकजण करून देतात. तिची सळई वाकली तर मात्र कडी रस्त्यातच सुटते आणि मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या पुढ्यात खडी सांडते. त्यामुळे आपोआप सुटणाऱ्या कडीबरोबर हातानं घालायची एक पिन असावी, आणि ड्रायव्हरनं ती ओतायच्या आधी काढावी, भरल्यावर घालावी. पिन काढायला विसरला तर काय होतं ते पुढे दोन चाकीत सांगितलं आहे.

मोठा दगड, चिरे, पाडकामाचं डबर असेल तर टांगलेला फाळका पूर्ण काढूनच हौदा उचला. दगड फाळक्याच्या फटीत आडवा बसला की मागचा सगळा माल त्यावर थटतो.

चांगल्या बांधणीची एक खूण आहे, जी फार कमी ट्रॉल्यांत दिसते: हौदा पुढच्यापेक्षा मागे दोन इंच रुंद. त्यामुळे माल जरा घसरला की कडांपासून सुटा होतो. चौकोनी हौद्यात तो दोन्ही कडांमध्ये पाचरीसारखा अडकतो. तळ आणि कडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तिरकी पट्टी मारलेली असेल तर ओली माती कोपरा धरून बसत नाही. आत बोल्टची डोकी किंवा वेल्डिंगचे गठ्ठे नकोत, सगळे सपोर्ट बाहेरून हवेत. हे तिन्ही करायला वर्कशॉपला फारसा खर्च येत नाही, फक्त आधी सांगावं लागतं. काळी माती किंवा ताजा प्रेसमड भरायच्या आधी तळाला भुश्याचा किंवा चिपाडाचा पातळ थर टाकला तरी बराच फरक पडतो. ओली माती रात्रभर हौद्यात ठेवू नये.

ओतण्याचा हाच प्रश्न पाण्यावर कसा सोडवला आहे, ते बघण्यासारखं आहे. गोव्यात मांडवीतून खनिज नेणारे बार्ज आपल्या लोकांनी पाहिलेले आहेत. ते ग्रॅबनं (क्रेनच्या पंजानं) रिकामे करावे लागतात. पण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात, लाकडाचे ओंडके वाहणारे बार्ज स्वतःच रिकामे होतात, आणि त्यात माल उचलणारा जॅक नसतोच. एका बाजूच्या टाक्यांत समुद्राचं पाणी घेतलं की बार्ज हळूहळू कलतो, साधारण तीस अंशांवर ओंडके एकदम घसरून पाण्यात पडतात, ओझं गेलेला बार्ज उसळून सरळ होतो, आणि मग टाक्या रिकाम्या करतात. बंदरातला गाळ टाकायला दुसरा प्रकार वापरतात. त्यात बार्जचे लांबीनं दोन भाग असतात, ते डेकवर बिजागरीनं जोडलेले असतात, आणि हायड्रॉलिक सिलिंडर ते खालून फाकवतात. गाळ बुडातून निघून जातो. दोन्हींमध्ये बांधणाऱ्याला घोर असतो तो एकाच गोष्टीचा: निम्मा माल गेला आणि निम्मा अडकला तर? कललेला बार्ज तसाच अर्धवट लोंबकळतो. चिकट गाळ दोन भागांच्या मध्ये कमान धरून बसतो. म्हणून तिथे बाजू गुळगुळीत, उतार पुरेसा आणि तोंड मोठं ठेवण्यावर सगळी मेहनत असते. आपल्या ट्रॉलीलाही तीच तीन गुणांची कसोटी लावावी.

उतार म्हणजे ४५ अंश तरी हवा. कोरडी खडी चाळीसच्या आतच सुटते, ओला मुरूम नाही. मोबाईलमधला लेव्हल हौद्याच्या कडेवर ठेवून अंश मोजता येतात. ३५-३८ वर थांबणारी ट्रॉली पावसाळ्यात खोऱ्यानं रिकामी करावी लागते. आणि ४५ अंशांवर हौद्याची पुढची कड जमिनीपासून बारा फुटांच्या आसपास जाते. शिवारातल्या लोंबलेल्या वीजतारा आणि गोठ्याचे पत्रे कळ ओढायच्या आधी बघायचे ते यासाठी.

दोन चाकी: लहान शेतासाठी ठीक, खडीसाठी नको

दोन चाकीचा फायदा खरा आहे. मालाचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, त्यामुळे चिखलात मागची चाकं जमीन धरतात. अरुंद पाणंदीत रिव्हर्स घेणं सोपं जातं. किंमतही कमी. पण ओतताना तोच भार उलटा होतो. एक्सलपासून हूक तीन मीटर पुढे आणि बिजागरी ६० सेंटिमीटर मागे आहे असं धरा. पिन काढायची राहिली, माल सरकून बंद फाळक्याशी गोळा झाला, म्हणजे साडेचार टन बिजागरीच्या वर आले. तर हुकाला वर उचलणारा जोर ९०० किलोंचा होतो. ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, आणि उतारावर उभा असेल तर ब्रेक धरत नाही. बिजागरी एक्सलच्या मागे १५ सेंटिमीटरवरच असेल तर हा जोर सव्वादोनशे किलोंवर येतो आणि दांडीच्या स्वतःच्या वजनानं बराचसा दबतो. म्हणून दोन चाकी घ्यायचीच तर एक्सल जास्तीत जास्त मागे, बिजागरीच्या अगदी जवळ घ्या. तसं केलं की भरलेला असताना हुकावरचा भार वाढतो, त्यामुळे माल एक ब्रासच्या खालीच ठेवावा लागतो. दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. खत, माती, चारा यांसाठी ही ट्रॉली चांगली. क्रशरवरून दिवसाला दहा खेपा मारायला नाही.

चार चाकीत हा धोका नाही, पण तिचा स्वतःचा एक आहे. पुढचं एक्सल टर्नटेबलवर (फिरत्या चकतीवर) फिरतं. ट्रॅक्टर आणि ट्रॉली काटकोनात असताना हौदा उचलला तर पुढचा आधार अरुंद होतो आणि ट्रॉली कलंडते. ओतण्याआधी दहा फूट सरळ पुढे घेऊन दोन्ही एका रेषेत आणायचे, मगच कळ.

कात्रीचा जॅक

यात एकच टप्प्याचा जाड जॅक कात्रीच्या दोन पात्यांना ढकलतो. टेलिस्कोपिक टप्पे नसल्यामुळे झटक्यांना दणकट. कात्री दोन्ही बाजूंनी हौदा धरते, त्यामुळे किंचित कललेल्या जमिनीवरही जॅकला बाजूचा ताण लागत नाही. हौद्याची उंची कमी ठेवता येते. काळ्या मातीच्या भागात, जिथे मऊ जमिनीवरच ओतावं लागतं, तिथे आमचा कौल कात्रीला. वाईट बाजू दोन. सुरुवातीला कात्री जवळपास सपाट असते, म्हणून पहिले काही अंश उचलायला जॅकला खूप जास्त दाब लागतो. जास्त भरलेली ट्रॉली जागची हलत नाही, ते याच कारणानं. एका अर्थी ते बरंच आहे. दुसरं, पिना सात-आठ. प्रत्येकीला ग्रीस निप्पल हवं आणि ग्रीस आठवड्याला. एक पिन सुकी राहिली की कात्रीचं एक पातं मागे राहतं आणि हौदा पिळतो.

दोन स्वतंत्र जॅक डाव्या-उजव्या अंगाला लावलेल्या ट्रॉल्याही दिसतात. एकाच पाईपला जोडलेले दोन जॅक दाब सारखा वाटून घेतात, चाल नाही. एकाचं सील घट्ट असेल तर दुसरा पुढे जातो. ११ फुटी हौद्याला त्याची गरज नाही.

चाकं आणि कागद

हबमधल्या टेपर बेअरिंगचा नट चाक फिरवत घट्ट करावा, मग आट्याचा सहावा हिस्सा मागे घेऊन स्प्लिट पिन घालावी. अगदी घट्ट ठेवलं तर बेअरिंग तापून निळं पडतं. भरलेल्या खेपेनंतर हबवर पाणी शिंपडा, चरचरलं तर नट बघा. चाकाचे नट पहिल्या दोन-तीन खेपांनंतर पुन्हा आवळावे लागतात.

सीमेवर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गडहिंग्लज-कोल्हापूरकडून जुनी ट्रॉली स्वस्तात मिळते म्हणून आणली, तर ती एमएच-०९ वर नोंदलेली असते. एका राज्यात नोंदलेलं वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं की तिथे नवी नोंदणी घ्यावी लागते. मूळ आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर आधी मिळवा, मगच पैसे पूर्ण द्या. एनओसीशिवाय केए-२२ किंवा केए-२३ मिळवताना खेटे पडतात. चासीवर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळतो का, तेही खडूनं घासून बघा.

ताब्यात घेण्याआधी

वर्कशॉपमधून रिकामी ट्रॉली घेऊन येऊ नका. जवळच्या क्रशरवर एक ब्रास खडी भरून तिथेच चाचणी करा. हौदा अर्धा उचला, ट्रॉलीकडचा कॉक बंद करा, जॅकच्या बाहेर आलेल्या टप्प्यावर खडूनं रेघ मारा आणि दहा मिनिटं थांबा. या वेळात कोणी हौद्याखाली किंवा मागे उभं राहायचं नाही. रेघ हलली तर सील गळतंय. मग कॉक उघडा आणि फक्त ट्रॅक्टरची कळ बंद ठेवून पुन्हा दहा मिनिटं बघा. आता हलली तर दोष ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमध्ये आहे, ट्रॉलीवाल्याशी भांडू नका. नंतर पूर्ण ओता, रिकामा हौदा चासीवर टेकवा आणि मागे जाऊन दोन्ही बिजागऱ्यांच्या फटी बोटानं चाचपा. एक फट दुसरीपेक्षा मोठी लागली, तर ट्रॉली त्याच दिवशी वर्कशॉपला परत लावा.